मदत हवी आहे: मिलिटरी ट्रेलरचा कॅम्पर करतोय, कडी आणि दिवे दोन्ही अडलंय (अर्जंट)

डोंगरवाट
नमस्कार मंडळी. मिलिटरी सरप्लसमधला एक ट्रेलर घेतलाय. त्याचा ऑफरोड कॅम्पर करायचाय. वर तंबू, मागे ओट्यासारखं बाहेर सरकणारं किचन, पाण्याची टाकी, बॅटरी, फ्रिज. तो सगळा प्लॅन तयार आहे, त्यावर सल्ला नको. अडलंय ते फक्त दोन ठिकाणी.

१. पुढे कपलर (बॉलवर बसणारी वाटी) नाही, नुसती जाडजूड लोखंडी कडी आहे. माझ्या गाडीमागच्या बॉलवर (जोडायच्या गोळ्यावर) ती अर्थातच बसत नाही. ओळखीचा वेल्डर म्हणतो, कडी कापून साधा दोन इंची कपलर जोडून देतो. करून घेऊ ना?

२. दिवे लागत नाहीत. प्लग भलताच होता, तो कापला आणि वायरी थेट जोडून बघितल्या. तरी काही नाही.

पुढच्या वीकेंडला मोआबला निघायचंय, त्यामुळे जरा लवकर सांगा. शक्यतो ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच.

नटबोल्ट
कुठला ट्रेलर? कुठल्या देशाची मिलिटरी? ओढणार कशाने?

सुमा
मोआब म्हणाले म्हणजे अमेरिका, युटा. बाकी अंधार. फोटो टाका.

तळेगावकर
प्लग कापला? आधी फोटो काढला होता का? वायरींचे रंग काय होते? मल्टीमीटर आहे का घरात? असे प्रश्न विचारताना माणसाने निदान एवढं तरी लिहावं.

डोंगरवाट
फोटो टाकलाय की वर. हिरवा, दोन चाकांचा, अॅल्युमिनियमची बॉडी. गाडीची काळजी नको, ट्रक आहे, ओढते आरामात. वायरी सगळ्या काळ्या आहेत हो, रंग असते तर विचारलंच नसतं.

वेंधळी
फोटो दिसत नाहीये. तुमच्या अल्बमची परवानगी मागतंय. मी रिक्वेस्ट पाठवलीये, चुकून पाठवली असेल तर सॉरी.

चिकित्सक
फोटो न बघताही सांगतो. मी एम४१६ घेऊन कॅम्पर केला आहे आणि तुम्हीही तेच करायला हवं होतं. व्हिएतनामच्या काळातल्या एम१५१ जीपमागचा पाव टनी ट्रेलर. छोटा, हलका, चाकं जुन्या जीपसारखी पाच बोल्टची, दोन माणसं हाताने ढकलत अंगणात फिरवू शकतात. वर तंबू, आत दोन पेट्या, झालं. हे मोठे ट्रेलर घेऊन लोक त्यात अख्खा संसार भरतात आणि मग पहिल्याच चढाला गाडी तापली म्हणून धागे काढतात.

नटबोल्ट
चिकित्सक, त्यांनी घेतलाय तो घेतलाय.
डोंगरवाट, बॉडीवर पुढच्या बाजूला डेटा प्लेट असेल. त्यावरचा मॉडेल नंबर आणि वजनं इथे लिहा. आणि 'ट्रक' म्हणजे नेमकं काय तेही. एफ-२५० हासुद्धा ट्रक आणि आमचे शेजारी त्यांच्या आरएव्ही-४ लाही ट्रकच म्हणतात.

डोंगरवाट
प्लेटवर एम११०१. गाडी टोयोटा फोररनर, २०१८ ची. राहतो डेन्व्हरजवळ. आता तरी कडीचं सांगा, वेल्डर शनिवारी सकाळी येतोय.

नटबोल्ट
वेल्डरला आजच फोन करून नको म्हणा. सांगतो का ते.

एम११०१ म्हणजे हमव्हीच्या (अमेरिकी लष्कराच्या रुंद जीपच्या) मागे जोडायचा लाइट टॅक्टिकल ट्रेलर, ऑरेगनमधल्या पोर्टलंडच्या सिल्व्हर ईगलने बनवलेला. रिकामा साधारण १,४०० पौंड, भरून जास्तीत जास्त ३,४००. त्याचा थोरला भाऊ एम११०२, तो ४,२०० पर्यंत. तुमच्या फोररनरची मर्यादा ५,००० आहे, म्हणजे ओढण्याचा प्रश्न नाही. प्रश्न थांबवण्याचा आहे.

ती कडी म्हणजे लुनेट, आणि ती नुसती कडी नाही. तिच्या मागे सर्ज ब्रेकची यंत्रणा आहे. तुम्ही गाडीचा ब्रेक दाबला की मागचा ट्रेलर पुढे रेटतो, कडी मागे सरकते, तिच्यामागचा सिलिंडर दाबला जातो आणि ट्रेलरच्या चाकांना ब्रेक लागतो. गाडीतून एकही वायर लागत नाही. वेल्डरने कडी कापून नळकांड्यावर कपलर डकवला तर ही सरक जाम होऊ शकते, शिवाय वेल्डिंगची आच लागून सिलिंडरची सिलं जळतात. मग साडेतीन हजार पौंड मागून ढकलणार आणि ब्रेक फक्त फोररनरचे.

करायचं सोपं आहे. कडीला हात लावू नका, गाडीकडची बाजू बदला. गाडीमागच्या दोन इंची रिसीव्हरमध्ये (चौकोनी खोबणीत) बसणारा पिंटल हुक, म्हणजे कडी अडकवायचा जाड हुक, मिळतो. त्यातही उभ्या भोकांची पट्टी असलेला घ्या, म्हणजे उंची वरखाली करता येईल. हा ट्रेलर हमव्हीच्या उंचीसाठी बनवलाय, त्यामुळे हुक वर न्यावा लागेल. ट्रेलर जमिनीला समांतर उभा राहिला पाहिजे, नाक खाली घालून नाही.

चिकित्सक
अर्धवट सल्ला. पिंटल म्हणजे दिवसभर मागे खडखड. कडी आणि हुकात मोकळी जागा असते, प्रत्येक खड्ड्यात गाडीला धक्का. आणि सर्ज ब्रेक घाटात कुचकामी. लांब उतारावर तुम्ही इंजिन ब्रेकिंगवर उतरत असता, ट्रेलर सतत मागून रेटत असतो, म्हणजे त्याचे ब्रेक सतत घासत राहतात. तापले की संपले. कोलोरॅडोत राहणाऱ्या माणसाला सर्ज ब्रेक सुचवणं म्हणजे कमाल आहे. इलेक्ट्रिक ब्रेक लावा, गाडीत कंट्रोलर बसवा, हवा तेवढा ब्रेक हाताने द्या.

नटबोल्ट
मी सुचवत नाहीये, ते ट्रेलरला आहेतच. इलेक्ट्रिक चांगले, मान्य. पण त्यासाठी हब, ड्रम, बॅकिंग प्लेट सगळं जुळवावं लागतं, कदाचित अॅक्सलच बदलावा लागतो. त्यांना पुढच्या वीकेंडला जायचंय. आणि खडखड होते म्हणून जो हुक ट्रेलरला खड्ड्यात हवं तसं पिळवटू देतो तो टाकून द्यायचा? ऑफरोडला बॉल कुठवर वळतो ते तुम्हाला माहीत असेलच.

चिकित्सक
माझा एम४१६ बॉलवर आहे. काही झालं नाही.

सुमा
तुमच्यात ब्रेक कुणाला आहे का ;)
डोंगरवाट, कागदांचं काय? सरकारकडून पहिल्यांदा विकला जातो तेव्हा एसएफ-९७ हा फॉर्म मिळतो, त्यावरून टायटल (मालकीचा कागद) होतं. लिलावात घेतलात की कुणाकडून? मीही डेन्व्हरचीच. कौंटीच्या मोटर व्हेईकल ऑफिसला एक चक्कर मारा. नंबर प्लेटशिवाय युटाची हद्द ओलांडू नका.

डोंगरवाट
एका शेतकऱ्याकडून घेतला. बिल ऑफ सेल आहे. एसएफ-९७ त्याच्याकडे असेल, विचारतो.
बरं, पिंटल मागवतोय. दिव्यांचं कुणी सांगेल का?

तळेगावकर
मी कधीचा विचारतोय. जोडल्यावर दिवे मंद लागतात की अजिबातच नाही?

डोंगरवाट
अजिबात नाही. ठिणगीसुद्धा नाही.

तळेगावकर
मग दिवे एलईडी असणार. लष्करी गाड्यांची वायरिंग २४ व्होल्टची, तुमची गाडी १२ ची. जुने बल्ब असते तर १२ वर निदान मिणमिणले असते. एलईडी मात्र पुरेसा व्होल्ट मिळाल्याशिवाय लागतच नाही. म्हणजे तुमचं जोडकाम कदाचित बरोबरही असेल.

बाजारात १२ चे २४ करणारे कन्व्हर्टर मिळतात. प्रत्येक दिव्याच्या वायरीत एकेक टाका, म्हणजे मूळ दिवे राहतील.

नटबोल्ट
कशाला ते कन्व्हर्टर? तीन-चार डबे, पाणी, धूळ, आणि एक बंद पडला की रात्री रस्त्यात शोधत बसा. दिवे बदला, वायरिंग राहू द्या.

डोंगरवाट, वायरी काळ्या असल्या तरी त्यांच्यावर पत्र्याच्या बारीक पट्ट्या अडकवलेल्या असतील, त्यावर नंबर ठोकलेले असतात. तेलकट मळ साठला असेल, चिंधीने पुसा. २१ म्हणजे टेललाइट. २२-४६० डावा ब्रेक आणि इंडिकेटर, २२-४६१ उजवा. ९० अर्थ. २३ आणि २४ ब्लॅकआऊटच्या, म्हणजे शत्रूला दिसू नये म्हणून अंधारात लावायच्या मिणमिणत्या दिव्यांच्या. त्या टेप लावून सोडून द्या.

मागे साधे १२ व्होल्टचे ट्रेलरचे एलईडी बसवा. गाडीकडून येणारी तपकिरी २१ ला, पिवळी २२-४६० ला, हिरवी २२-४६१ ला, पांढरी ९० ला. अर्थसाठी बॉडीवर भिस्त ठेवू नका. अॅल्युमिनियमवर रंगाचे थर, त्यात गंज, अर्थ सुटला की डावा इंडिकेटर दिल्यावर सगळे दिवे एकत्र मिचकायला लागतात. ९० ची वायर प्रत्येक दिव्यापर्यंत ओढा.

तळेगावकर
अर्थचं अनुमोदन. पण कन्व्हर्टर माझ्या मेहुण्याने बसवलेत आणि उत्तम चालतात.

जुना_फौजी
धागा वाचून मजा आली. मी ईएमईमधून (लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेतून) निवृत्त. आमच्याकडेही एक टनी ट्रेलर आणि पाण्याचे ट्रेलर असत, तेही याच कडी-हुकावर. खडखड आम्ही कधी मोजली नाही. जबलपूरला बनलेल्या जोंगामागे जोडून लडाखात नेलेत. जोंगा म्हणजे निसान पेट्रोलवरून घेतलेली गाडी, १९६९ पासून ती व्हेईकल फॅक्टरीत बनायची. पाण्याचा ट्रेलर अर्धा भरून कधी नेऊ नये एवढं मात्र सांगतो. पाणी पुढे-मागे हिंदकळतं, वळणावर गाडीचा मागचा भाग उचलल्यासारखा वाटतो. टाकी एकतर पूर्ण भरा नाहीतर रिकामी, आणि आत आडव्या पट्ट्या असतील अशीच घ्या.

सांगलीकर_८२
काका नमस्कार. भारतात असा ट्रेलर मिळेल का? माझ्याकडे थार आहे. किती पडेल? आणि आरटीओ पास करेल का?

डोंगरवाट
@जुना_फौजी, धन्यवाद काका. टाकी ४० गॅलनची घेतलीये, मागच्या बाजूला किचनच्या खाली.

नटबोल्ट
मागे नको! ४० गॅलन म्हणजे ३३० पौंडांच्या वर, नुसतं पाणी. ते अॅक्सलच्या मागे टाकलंत तर पुढची कडी हलकी होणार आणि हायवेला ट्रेलर शेपूट हलवायला लागणार. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार कडीवर हवा. टाकी अॅक्सलवर किंवा किंचित पुढे. किचन मागे ठेवा, पण जड सामान त्यात भरू नका. भरलेला ट्रेलर एकदा ट्रक-काट्यावर मोजा, मग कडी वेगळी मोजा.

कांगारूदेशी
आमच्याकडे ऑस्ट्रेलियात नियम स्पष्ट आहेत. ७५० किलोपर्यंत ट्रेलरला ब्रेक नसले तरी चालतात, त्याच्यापुढे २,००० पर्यंत तुमच्यासारखे ढकलून लागणारे चालतात, त्याच्यावर गेलं की ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लागण्याची सोय हवी. तिकडे कसं माहीत नाही. फ्रिज कुठला घेताय? १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवालाच घ्या, गॅसवरचा वाकड्या जमिनीवर नीट चालत नाही.

सुमा
इकडे राज्याराज्यात वेगळं आहे, पण बऱ्याच ठिकाणी ३,००० पौंडांच्या वर ब्रेक लागतात. म्हणजे यांना लागणारच.

डोंगरवाट
टाकी पुढे घेतो. फ्रिज आधीच आहे, कॉम्प्रेसरवालाच.
अपडेट: नंबरच्या पट्ट्या सापडल्या, सगळ्या आहेत. दिवे मागवले. टायर जुने आहेत, बाजूने भेगा पडल्यात. ३७ इंची आणि १६.५ ची रिम, ह्या मापाचे टायर दुकानात कुणाकडेच नाहीत. शनिवारी वेल्डर येत नाहीये तर मी गॅरेजमध्ये चाकं काढून रिम खोलून बघतो. नट खूप आहेत पण इम्पॅक्ट रेंच आहे.

नटबोल्ट
थांबा. रेंच खाली ठेवा.

हमव्हीच्या रिमा दोन भागांच्या असतात, नटांनी एकमेकांना आवळलेल्या. हबजवळचे आठ नट म्हणजे चाक गाडीला धरणारे. त्यांच्या बाहेरच्या वर्तुळात आणखी नट असतात, ते रिमचे दोन भाग धरून ठेवतात. टायरमध्ये हवा असताना बाहेरचे नट सैल केलेत तर रिम फुटल्यासारखी उघडते आणि समोर असेल त्याचा जीव जातो. यात अतिशयोक्ती नाही.

आधी व्हॉल्व्हची सुई पूर्ण काढा. फुस्स थांबल्यावरही वायर घालून बघा, भोक तुंबलेलं नाही ना. मग चाक काढा. आणि रिम स्वतः उघडूच नका, ज्या दुकानाला हमव्हीची चाकं माहीत आहेत तिथे द्या.

जुना_फौजी
नटबोल्ट यांच्याशी शंभर टक्के सहमत. आपल्याकडे ट्रकच्या रिमला रिंग असते, हायवेवरच्या कुठल्याही पंक्चरवाल्याला रिंग उडाल्याचा किस्सा विचारा. वर्कशॉपमध्ये पिंजऱ्यात चाक ठेवल्याशिवाय हवा भरू द्यायचे नाहीत. बाळा, घाई करू नकोस.

वेंधळी
बापरे. मला वाटलं होतं हा सहलीचा धागा आहे.

डोंगरवाट
ओके, ओके, नाही खोलत. मग टायरचं काय करू? भेगा पडलेल्या टायरवर मोआबपर्यंत जाता येणार नाही.

चिकित्सक
६ बोल्टचे अॅडॅप्टर लावा आणि फोररनरच्याच मापाची चाकं टाका. एकच स्पेअर दोघांना चालेल. माझ्या मते प्रत्येक कॅम्पर ट्रेलरला हे केलंच पाहिजे. याबाबत मी मागे एक धागाही काढला होता, कुणी वाचला नाही.

नटबोल्ट
या वेळी चिकित्सकांचं म्हणणं निम्मं पटतं. स्पेअर एकच असणं सोयीचं खरं. पण फोररनरच्या चाकांची भारक्षमता बघा, आणि अॅडॅप्टर म्हणजे सैल होणारे नट दुप्पट. ट्रेलरची मांडणी ८ बोल्ट, साडेसहा इंच. हीच मांडणी जुन्या पाऊण टनी शेव्ही आणि डॉज पिकअपना असते. त्यांच्या १६ इंची रिमा भंगारवाल्याकडे स्वस्तात मिळतात, त्यावर साधे एलटी (लाइट ट्रक) टायर कुठेही. हबचं मधलं भोक आणि ब्रेक ड्रमला रिम घासत नाही ना, एवढं एक रिम लावून बघा. ३७ वरून ३२ ला आलात की ट्रेलरही अडीच इंच खाली येतो, म्हणजे हुकाची उंची पुन्हा बघावी लागेल. पट्टीवाला हुक म्हणूनच म्हटलं.

ब्रेकमध्ये तेल घालणार असाल तर आधी बघा. अमेरिकी लष्कर सिलिकॉनचं डॉट ५ वापरतं. डॉट ३ किंवा ४ त्यात मिसळू नका. डॉट ५.१ हेही वेगळंच, नावावर जाऊ नका.

सांगलीकर_८२
काका, माझ्या प्रश्नाचं?

जुना_फौजी
@सांगलीकर, लष्कराचा कंडम माल एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात निघतो, बहुतेक वेळा लॉटमध्ये. एक ट्रेलर हवा असेल तर लॉट घेणाऱ्या व्यापाऱ्याकडूनच घ्यावा लागेल. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे ट्रेलर हे वेगळं वाहन आहे, त्याची वेगळी नोंदणी लागते. मूळ रचनेत बदल केलात तर कलम ५२ आलं. आधी आरटीओत जाऊन विचारा, नंतर पैसे टाका. किंमत लिलावावर.

सांगलीकर_८२
म्हणजे साधारण किती काका?

सुमा
डोंगरवाट, मोआब ठीक आहे, पण उन्हाळ्यात हा घेऊन अल्पाइन लूपला (कोलोरॅडोतली उंच डोंगरातली कच्ची वाट) जायचा विचार असेल तर आत्ताच सांगते, तिथल्या इंजिनिअर पास या खिंडीत ट्रेलर नेऊ नका. १२,८०० फूट, एका बाजूला कडा, एका बाजूला दरी, एक गाडी मावेल एवढा रस्ता. चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची असते, म्हणजे उतरताना समोरून कुणी आलं की ट्रेलरसकट रिव्हर्स तुम्ही घ्यायचा. सर्ज ब्रेक रिव्हर्सला चढावर स्वतःच लागू शकतात, तेही शिकून घ्या. खाली लेक सिटी गावात ट्रेलर सोडून नुसती गाडी वर न्या.

आणि वर मुक्काम करणार असाल तर कुकर. तेवढ्या उंचीवर पाणी ८७-८८ अंशांनाच उकळतं, तूरडाळ पातेल्यात रात्रभर शिजत नाही.

वेंधळी
मूगडाळ शिजते. भिजवून नेली तर.

कांगारूदेशी
आम्ही रेडी-टू-ईट नेतो. विषय संपला.

सुमा
त्यात काय मजा. खिचडी आणि लोणचं, वर साजूक तूप.

तळेगावकर
धागा भरकटतोय. दिवे लागले का?

डोंगरवाट
लागले. डावा-उजवा, ब्रेक, टेल सगळे. ९० ची वेगळी वायर ओढेपर्यंत टेललाइट धड नव्हते, ओढली आणि झालं. कन्व्हर्टर घेतला नाही, तळेगावकर रागावू नका.
पिंटल मंगळवारी येतोय. डॉजच्या चार रिमा एका यार्डात मिळाल्या, एक लावून बघितली, बसते. एसएफ-९७ शेतकऱ्याच्या दिवाणखान्यात कपाटात होता, उद्या मिळतोय. मोआब दोन आठवडे पुढे ढकललंय. बायको म्हणते ती तशीही तंबूशिवाय येणार नव्हती.

आता एकच. तंबूची रॅक स्टीलची आहे आणि बॉडी अॅल्युमिनियम. थेट बोल्ट मारू ना?

नटबोल्ट
थेट नको. मध्ये रबर किंवा नायलॉनच्या पट्ट्या टाका, बोल्ट स्टेनलेस, त्यांना नायलॉनचे वॉशर. दोन धातू ओल्यात एकमेकांना टेकले की अॅल्युमिनियम पांढरं होऊन भुगा होतं, विशेषतः हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकलेलं असतं तिथे. बाकी रॅकचं विचारायचं असेल तर नवीन धागा काढा, इथे डाळ शिजतेय.

सांगलीकर_८२
काका, लॉट घेणारा व्यापारी पुण्यात कुठे भेटेल? आणि थारला हुक लागतो का?